वाटेत एक जण गमावला

१

रॉस ट्रेझाइझचा खरा दिवस सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि साडेबाराला संपायचा. बाकीचं सगळं, म्हणजे टाकीतलं पाणी, डॉक्टर, ग्लेनिसच्या बहिणीचे लांबलचक फोन, तो नुसतं उरकायचा. मागच्या व्हरांड्याला काचा बसवून केलेल्या खोलीत नऊच्या सुमाराला ऊन डाव्या खांद्यावरून टेबलावर यायचं आणि बारीक कामाला त्याला तेच ऊन लागायचं. टेबलावर बाटल्यांच्या बुचांना चिकटवलेले धातूचे शिपाई उभे असायचे, अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासे उंच. रॉसनं ॲडलेडमध्ये पस्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्या होत्या. निवृत्त होऊन तो मूंटाला, आपल्या गावी परतला, तेव्हा हत्यारं सोबत आली. आता ती दातांऐवजी पट्ट्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर आणि नाकाच्या शेंड्यांवर चालत.

त्याचा एक नियम होता. आधी पुस्तक, मग ब्रश. कुठली पलटण, कुठला महिना, पाऊस होता की धूळ, हे वाचल्याशिवाय तो रंगाची बाटली उघडत नसे. दर गुरुवारी दुपारी लिंडसे पासको यायचा. हा जन्मभर मेंढ्या भादरलेला दांडगा माणूस. दोघं मोठ्या टेबलावर जुन्या लढाया पुन्हा लढायचे. लिंडसे अकरा वर्षं फ्रेंचांची बाजू घेत होता आणि अकरा वर्षं हरत होता.

नोव्हेंबरात मिस किटोंनी त्याला वृद्धाश्रमात बोलावून घेतलं. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनी रॉसचे कान उपटले होते. आता त्या पंचाण्णव वर्षांच्या होत्या.

"तू अजून बाहुल्यांशी खेळतोस म्हणे," त्या म्हणाल्या.

"शिपाई आहेत ते, मिस किटो."

"तेच म्हणतेय मी. मग माझं एक काम कर."

त्यांनी एक फोटो पुढे केला. चोवीस जणांची तुकडी, शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धात बेल्जियमला जाण्याआधी काढलेली. दुसऱ्या रांगेत दोन भाऊ होते. एक टेड, मिस किटोंचे वडील. दुसरा विल्फ, त्यांचा काका. टेड परत आला, संसार केला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अंथरुणात गेला. विल्फ आला नाही. त्याला थडगंही नाही.

"बाबा त्याचं नाव घ्यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा नाही. मला त्या दोघांना एकत्र चालताना बघायचंय, रॉस. जायच्या आधी. काकाला बाबांच्या मागेच ठेव. आणि त्याच्या गळ्यात मफलर रंगव, मोहरीच्या रंगाचा. आजीनं विणला होता. गर्दीत उठून दिसावा, पोरगं हरवू नये म्हणून."

२

त्या वर्षी दुष्काळ होता. मूंटाच्या आसपासची गव्हाची रानं उघडी पडली होती, उत्तरेचा वारा सुटला की लाल धूळ दाराच्या फटीतून आत यायची. ग्लेनिस भांडी धुतलेलं पाणी बादलीत धरून लिंबाला घालायची. अशा दिवसांत रॉस खोलीत बसून चिखल बनवत होता.

चिखल म्हणजे प्लास्टर, गोंद आणि तीन प्रकारचे तपकिरी रंग. प्लायवुडच्या हातभर लांब तुकड्यावर त्यानं तो जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड थापला, तोफगोळ्यांचे खड्डे केले आणि वर चकाकणारं वार्निश दिलं, ओल दिसावी म्हणून. मधून आइस्क्रीमच्या काड्या कापून केलेली अरुंद वाट नेली. त्या मुलखात सैन्य अशाच फळ्यांवरून चालायचं. पुस्तकांत वाचलेलं होतं की फळीवरून पाय घसरला तर माणूस सहजासहजी वर यायचा नाही.

जानेवारीपर्यंत चोवीस शिपाई रंगवून झाले. चेहरे त्यानं भिंगाखाली फोटोवरून काढले होते. टेड बारावा, विल्फ तेरावा. सगळे एकामागे एक, नजर समोर. त्यानं एकेकाला पक्क्या गोंदानं फळीवर बसवलं आणि रात्रभर वाळू दिलं.

सकाळी तेरावा फळीवर नव्हता. तो वाटेच्या उजवीकडे चिखलात उभा होता, घोट्यापर्यंत.

"ग्लेनिस, इथं आली होतीस का गं?"

"तुझ्या त्या खोलीत? मला काय हौस आहे?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "झाडायला गेले की ओरडतोस."

रॉसनं शिपायाला बोटांनी धरून हलवून पाहिलं. तो घट्ट होता. म्हणजे आपणच चुकीच्या जागी बसवला असणार. सहासष्ट वर्षांच्या माणसाचं लक्ष कधी कुठं जाईल सांगता येत नाही. आता ओढून काढला तर पाय मोडतील. शिवाय एक जण खाली उतरलेला बरा दिसत होता, नुसती सरळ रांग फार शाळकरी वाटते. त्यानं स्वतःला असं समजावलं आणि चहा प्यायला बाहेर गेला.

कप तोंडाला लावला असताना खोलीतून आवाज आला. लहानसा होता. ओल्या चिखलात रुतलेला पाय ओढावा, तसा. पुढचा आवाज, म्हणजे पाय सुटल्याचा, त्याची वाट बघत रॉस थांबला. तो आला नाही.

३

गुरुवारी लिंडसेनं टेबलाकडे जाता जाता प्लायवुडवर नजर टाकली.

"अरे, याला एवढा कशाला बुडवलास? बिचाऱ्याचे गुडघे गेले की."

"घोटे," रॉस म्हणाला.

"गुडघे. तुझा चष्मा कुठाय?"

रॉसनं चष्मा लावून पाहिलं. चिखल गुडघ्याला लागला होता.

"वार्निश वाळताना वर चढलं असेल," तो म्हणाला.

"वार्निश चढत असतं तर माझं घर आत्तापर्यंत चकाकलं असतं. फासे टाक."

त्या दिवशी पहिल्यांदाच फ्रेंच जिंकले. लिंडसे खुशीत शीळ घालत घरी गेला. रॉसनं कवळ्यांचं माप घ्यायचा जुना कंपास काढला आणि चिखलापासून शिपायाच्या टोपाच्या टोकापर्यंतची उंची मोजली. वीस मिलिमीटर. प्लायवुडच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवली.

शुक्रवारी ती अठरा भरली. शनिवारी सोळा.

त्यानं डोकं शांत ठेवलं. हा माणूस पस्तीस वर्षं मिलिमीटरच्या दहाव्या भागावर भाकरी कमावत आला होता. चिखल वर चढतोय म्हणावं तर फळ्या जशाच्या तशा वर होत्या. शिपाई खाली जातोय म्हणावं तर खाली जायला जागा कुठं होती? अर्धा सेंटिमीटर प्लास्टर, त्याखाली लाकूड. त्यानं सगळा देखावा दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर धरला आणि खालून पाहिलं. प्लायवुड कोरडं, स्वच्छ, एक चीरही नाही.

खाली ठेवताना बोटं ओली लागली. त्यानं ती उन्हात धरून पाहिली. बोटांवर चिखल होता, निळसर करडा, चिकट. त्यानं वापरलेले तिन्ही रंग तपकिरी होते. आणि बाहेरची सगळी माती लाल.

४

"उंदीर मेलाय तुझ्या खोलीत," ग्लेनिस सोमवारी म्हणाली. ती दारात नाकाला पदरासारखा ॲप्रन लावून उभी होती. "नाहीतर पाइप फुटलाय. ओल आलीय, बघ तरी."

"पाइप इथून जातच नाही."

"मग वास कुठून येतो?"

त्यानं तिला काही सांगितलं नाही. ग्लेनिस हिशेबी, सरळ बाई. तिला सांगितलं असतं तर तिनं ती फळकुटं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली असती, आणि रॉसला आतून वाटत होतं की ती तिच्याकडून टाकली जाणार नाहीत. हे आजमावून बघायची त्याची तयारी नव्हती.

त्याऐवजी तो पुस्तकाकडे वळला. पलटणीचा जुना इतिहास होता, लाल कापडी बांधणीचा, तिच्यातल्याच एका अधिकाऱ्यानं लिहिलेला. रॉसनं तो महिन्यापूर्वी वाचला होता, पण कपड्यांसाठी, हत्यारांसाठी. आता तो त्या तुकडीच्या चालीचं पान काढून शब्द न् शब्द वाचू लागला. तुकडीला आघाडीवर ठरल्या वेळी पोचायचं होतं. वाटेत कुणासाठीही थांबायचं नाही, असा हुकूम होता. मागून आणखी पाचशे माणसं येत होती. त्यानंतर दोनच छोटी वाक्यं होती.

'वाटेत एक जण गमावला. तुकडी वेळेवर पोचली.'

रॉस चाळीस वर्षं असली पुस्तकं वाचत होता. गोळी लागली तर तसं लिहितात. तोफगोळा पडला तर तसं लिहितात. 'गमावला' असं कुणी लिहीत नाही. आणि थांबायचं नाही हा हुकूम ज्याला पाळावा लागला, तो त्या माणसाच्या नेमका पुढे चालणारा असणार. हाक ऐकू आली असेल तर पहिल्यांदा त्यालाच आली असेल.

त्यानं पुस्तक मिटलं आणि न राहवून देखाव्याकडे पाहिलं. विल्फ कमरेच्या वर गेला होता. पण रॉसची नजर तिथं थांबली नाही. त्याला दुसरंच काहीतरी बोचत होतं, आणि काय ते कळायला त्याला पूर्ण मिनिट लागलं.

रंगवताना सगळ्यांची नजर समोर होती. आता तेवीस शिपायांनी मान डावीकडे वळवली होती. विल्फ उजवीकडे होता.

धातूचा शिपाई अखंड ओततात. डोकं वेगळं नसतं. रॉसनं टेडवर भिंग धरलं. मानेवर चीर नव्हती, रंगही उडाला नव्हता. कॉलरची सुरकुती नव्या दिशेला पीळ खाऊन बसली होती, आणि त्या सुरकुतीवर रॉसच्याच हातची सावली रंगवलेली होती.

५

"साचाच तसा असेल," लिंडसे फोनवर म्हणाला. "तुझ्या लक्षात आलं नसेल."

"चोवीस चेहरे रंगवले मी."

"बरं बाबा, चिडू नकोस. तोच संच माझ्याकडे पडलाय, न रंगवलेला. गुरुवारी घेऊन येतो."

लिंडसे आला तो वाटेतून दोन पेस्ट्या घेऊन, मटण-बटाट्याचं सारण भरलेल्या, गरमागरम. त्यानं त्या टेबलावर ठेवल्या, खिशातून डबा काढला आणि आपले शिपाई देखाव्याच्या कडेला एकेक करून मांडले. तोच साचा, तीच पावलं, तेच खांद्यावरचं ओझं. त्याच्या सगळ्यांची नजर समोर होती.

लिंडसेनं एकदा इकडचा शिपाई बघितला, एकदा तिकडचा. त्याच्या तोंडात तयार असलेली थट्टा तशीच राहिली.

"रॉस," तो हळू आवाजात म्हणाला, "हा मधला. मफलरवाला. याचा हात असा वर होता का रे?"

हात वर नव्हता. त्या साच्यात दोन्ही हात बंदुकीच्या पट्ट्यावर होते. लिंडसेच्या संचात होते तसेच. विल्फचा उजवा हात आता चिखलाबाहेर, खांद्याच्या वर आला होता आणि बोटं फाकलेली होती. एवढ्या लहान हाताची बोटं सुटी ओतताच येत नाहीत. ती सुटी होती.

"मी गाडीत बसतो," लिंडसे म्हणाला.

"पेस्टी तरी खा."

"नको. तू पण चल बाहेर. चल, ऐक माझं."

दोघं बराच वेळ गाडीत बसून राहिले, खिडक्या बंद करून, बाहेर बेचाळीस अंश असताना. लिंडसेनं आपले शिपाई परत मागितले नाहीत. निघताना तो एवढंच म्हणाला, "म्हातारीला दाखवू नकोस."

६

रॉसनं मिस किटोंना फोन केला. काम बिघडलंय म्हणाला, दोन महिने लागतील म्हणाला.

"मला पंचाण्णव वर्षं झालीत," त्या म्हणाल्या. "दोन महिने कोणाला सांगतोस? खोटं बोलताना तुझा आवाज अजून तसाच चढतो, रॉस. काय झालंय?"

"विल्फ नीट दिसत नाहीये."

मग त्या म्हणाल्या, "रविवारी चर्चनंतर ग्लेनिसला मला न्यायला पाठव."

रविवारी भर दुपारी ग्लेनिसनं त्यांना हाताला धरून आत आणलं. निळा फ्रॉक, पांढरी टोपी, पातळ कागदासारखे हात. खोलीभर ऊन होतं. काचांमधून बाहेरचं करपलेलं अंगण दिसत होतं आणि आत ओल्या मातीचा, सडक्या पाण्याचा वास दाटला होता. विल्फचा फक्त चेहरा, मफलरची एक कड आणि तो हात वर उरला होता. सकाळी रॉसनं माप घेतलं होतं. पाच मिलिमीटर.

मिस किटो खुर्चीत बसल्या आणि पुढे वाकल्या. त्या दचकतील, रडतील, असं रॉसला वाटलं होतं. त्यांनी टेडच्या वळलेल्या मानेवर बोट टेकवलं.

"बाबा असेच बसायचे," त्या म्हणाल्या. "जेवताना. मान अशी डावीकडे, भिंतीकडे. आई म्हणायची, युद्धात मान आखडली. मी जन्मभर त्यांचा हाच गाल बघितला."

"मिस किटो, माझ्याकडून हे..."

"तुझ्याकडून काही झालेलं नाही. तुम्ही दोघं जरा बाहेर जा."

"एकटीला नाही सोडणार मी तुम्हाला," ग्लेनिस म्हणाली. तिलाही आता सगळं दिसलं होतं.

"एकटी कुठं आहे मी?" मिस किटो म्हणाल्या. "जा. दार लोटून घ्या."

७

ते स्वयंपाकघरात उभे राहिले. ग्लेनिसनं किटली ठेवली आणि गॅस पेटवायची विसरली. आतून मिस किटोंचा आवाज येत होता, हळू, समजुतीचा, आजाऱ्याशी बोलावं तसा. शब्द कळत नव्हते. मधे थांबत होत्या. कुणाचं तरी ऐकून घ्यावं, एवढा वेळ थांबत होत्या आणि मग पुन्हा बोलत होत्या.

"कोणाशी बोलतायत त्या?" ग्लेनिस कुजबुजली. रॉसनं तिचा हात धरला.

मग खुर्ची करकरली. मिस किटो जोरात श्वास घेताना ऐकू आल्या, वजन ओढणाऱ्या माणसासारख्या. रॉस धावला. तो दाराशी पोचायच्या आतच दार उघडलं आणि त्या भिंतीला धरत बाहेर आल्या.

त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत चिखलानं माखला होता. निळसर करडा चिखल बाहीवरून निथळत होता, कोपरावरून जाड थेंबांनी फरशीवर पडत होता.

अर्धा सेंटिमीटर, रॉसच्या मनात आलं. मी अर्धाच सेंटिमीटर थापला होता.

ग्लेनिसनं त्यांना नळाजवळच्या खुर्चीवर बसवलं, हात नळाखाली धरला आणि पाणी पूर्ण सोडलं. टाकीत थोडंच उरलं होतं, तरी सोडलं. मिस किटो मुकाट्यानं धुऊन घेत होत्या, लहान मुलीसारख्या.

"किती गार हात आहे गं त्याचा," त्या म्हणाल्या.

"कोणाचा?" ग्लेनिस म्हणाली, पण तिला उत्तर नको होतं.

"मी ओढला. माझ्या हातात कुठलं बळ? त्यालाही ते कळलं. म्हणाला, तुम्ही सोडा, बाई. टेडी कुठाय?"

रॉस पुढे झाला. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, तो समोरच आहे. त्यानं हाक ऐकली होती तुझी. पुढे घरी आला, जेवला, झोपला, म्हातारा झाला, पण इथून तो कधी हललाच नाही." त्यांनी डोळे मिटले. "मग मी बाबांना हाक मारली. नावानं. बापाला नावानं हाक मारायची नसते, पण मारली. शाळेत तुम्हाला मारायचे तशी. टेड नाही, पूर्ण नाव घेऊन म्हटलं, एडवर्ड किटो, मान फिरव. आता तुला थांबवणारं कुणी नाही."

बादलीत पाणी पडत राहिलं. बाहेर वारा पूर्ण पडला होता. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून ऊन नव्हे, करडा, पावसाळी उजेड फरशीवर पडला होता.

रॉस ते लावून घ्यायला वळला.

"असू दे उघडं," मिस किटो म्हणाल्या.

तेव्हा तो आवाज आला. खूप लांबून, त्या खोलीत मावणार नाही इतक्या लांबून, लाकडी फळ्यांवर बूट वाजत होते. एकाच माणसाचे. तो धावत होता. फळ्या त्याच्या वजनानं खालीवर होत होत्या, पाणी उडत होतं, धाप लागलेली ऐकू येत होती. पावलं जवळ आली, आणखी जवळ आली, इतकी की कपाटातल्या बश्या किणकिणू लागल्या. ग्लेनिसनं रॉसच्या शर्टाची बाही मुठीत धरली. मिस किटो दाराकडे टक लावून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

पावलं थांबली. क्षणभर फक्त धाप.

मग तो फळीवरून खाली उतरला.